मशीनमधलं टाइम लॉक : पहिल्यांदा मशीन घेणाऱ्याने काय तपासावं, काय लिहून घ्यावं

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत चहाच्या टपरीवर टाइम लॉकचा, म्हणजे ठरलेली मुदत संपली की मशीन बंद पाडणाऱ्या प्रोग्राममधल्या कुलपाचा विषय काढा, लगेच दोन गट पडतात. एसपीएम (स्पेशल पर्पज मशीन, म्हणजे एका खास कामापुरतं मशीन) बनवणारे म्हणतात, लॉक टाकलं नाही तर बिलाचे शेवटचे दहा टक्के जन्मात मिळत नाहीत. मशीन घेणारे म्हणतात, पैसे आमचे, शेड आमची, वीजबिल आमचं, आणि मशीन चालवायचं की नाही हे ठरवणार तो? दोघांचंही खोटं नाही.

हा लेख मुख्यतः दुसऱ्या गटासाठी आहे. त्यातही पहिल्यांदाच कर्ज काढून व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मशीनिंग सेंटर), प्रेस किंवा स्पेशल पर्पज मशीन घेणाऱ्यांसाठी. माझं मत आधीच सांगून टाकतो. कोटेशनमध्ये सांगितलेलं, पीओत (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) लिहिलेलं आणि कधी निघणार ते ठरलेलं लॉक असेल तर मला चालतं. गुपचूप टाकलेलं लॉक असलेलं मशीन मी कुणाला घ्यायला सांगणार नाही, कितीही स्वस्त असो.

पहिलं काम : मशीनमध्ये कुठकुठली मुदत आहे ते ओळखा

एकाच मशीनमध्ये मुदतीच्या तीन-चार गोष्टी असू शकतात. त्या वेगवेगळ्या लोकांनी घातलेल्या असतात आणि प्रत्येकीवरचा इलाज वेगळा असतो. सरसकट ‘लायसन्सचा प्रॉब्लेम’ म्हणून सर्व्हिस इंजिनिअरला फोन लावलात तर चुकीच्या दारात उभे राहाल.

सगळ्यांत ओळखीचं म्हणजे पेमेंट लॉक. मशीन बनवणारा पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) लॅडरमध्ये, म्हणजे त्यातल्या प्रोग्राममध्ये, एक ओळ घालतो : आजची तारीख ठरलेल्या तारखेच्या पुढे गेली की एक बिट पडतो, आणि तो बिट सायकल स्टार्टच्या ओळीत सिरीजमध्ये बसवलेला असतो. हिरवं बटण दाबा, काही होत नाही. एचएमआयवर (मशीनच्या स्क्रीनवर) ‘कोड टाका, सप्लायरशी संपर्क साधा’ असं आलं तर तो सप्लायर त्यातल्या त्यात सरळ म्हणायचा. काही जण तिथे ‘ड्राइव्ह फॉल्ट’ किंवा ‘लो ऑइल प्रेशर’ असा खोटा अलार्म टाकतात. मग तुमचा मेंटेनन्सवाला दोन दिवस प्रेशर स्विच बदलत बसतो, आणि सप्लायरला फोन केला की तिकडून पहिला प्रश्न येतो, ‘साहेब, ते बॅलन्स पेमेंटचं काय झालं?’ काही लॉक तारखेवर नसतात, चालू तासांवर किंवा सायकलच्या आकड्यावर असतात. ती शोधायला जास्त अवघड.

दुसरा प्रकार सीएनसी कंट्रोलमधल्या ऑप्शनचा. बरीच फंक्शन्स कंट्रोलमध्ये आधीच भरलेली असतात, पैसे भरले की उघडतात. काही कंपन्या ती ठरावीक तास फुकट वापरू देतात. हास कंपनीच्या कंट्रोलवर काही ऑप्शन २०० तास वापरून पाहायची सोय असते. सोय चांगलीच आहे. फक्त डेमोत ज्या फंक्शनवर जॉब काढून दाखवला, ते फंक्शन तुमच्या कोटेशनमध्ये धरलेलं आहे का, हे विचारायला विसरू नका. नाहीतर तास संपले की सायकल टाइम वाढतो आणि गिऱ्हाइकाला दिलेला रेट बोंबलतो.

तिसरा प्रकार लोक धरतच नाहीत, आणि माझ्या मते नव्या माणसाला सगळ्यांत जास्त त्रास त्याचाच होतो : मशीनमध्ये राहून गेलेलं ट्रायल लायसन्स. बेकहॉफ कंपनीच्या ट्विनकॅट ३ या कंट्रोल सॉफ्टवेअरला सात दिवसांचं ट्रायल लायसन्स मिळतं आणि ते पुन्हा पुन्हा सात-सात दिवसांनी काढता येतं. कोडेसिसचा पीसीवर चालणारा रनटाइम (पीएलसीचा प्रोग्राम प्रत्यक्ष चालवणारं सॉफ्टवेअर) लायसन्स नसेल तर दोन तासांनी थांबतो. इग्निशन या स्काडाचं (पीसीवरून मशीनवर नजर ठेवायच्या सॉफ्टवेअरचं) ट्रायलही दोन तासांचं, रीसेट केलं की परत दोन तास. सीमेन्सच्या टीआयए पोर्टल या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरचं ट्रायल २१ दिवसांचं. ही सगळी सोय इंजिनिअरने आपल्या टेबलावर बसून प्रोग्राम लिहावा, तपासावा म्हणून केलेली. प्रत्यक्षात काय होतं? डिस्पॅचची घाई असते, लायसन्सची ऑर्डर लटकलेली असते, कमिशनिंगला (मशीन बसवून चालू करून द्यायला) आलेला पोरगा ट्रायलवर मशीन चालू करून देतो आणि ‘खरं लायसन्स पुढच्या आठवड्यात पाठवतो’ म्हणून रात्रीची बस पकडतो. मशीन चालतंय म्हणून तुम्ही सही करता. पुढच्या आठवड्यात सकाळी मेन स्विच टाकल्यावर कंट्रोल रन मोडमध्येच जात नाही. यात कुणाचा डाव नसतो, नुसता ढिसाळपणा असतो. पण उत्पादन थांबायचं ते थांबतंच, आणि तोवर तुम्ही धंद्याचं काम ट्रायलवर चालवत असता ते वेगळंच.

चौथा प्रकार वर्गणीचा : कॅड-कॅम (ड्रॉइंग आणि त्यावरून मशीनचा प्रोग्राम काढायचं सॉफ्टवेअर), मॉनिटरिंग, क्लाउडवरचे रिपोर्ट. ऑटोडेस्कने आपल्या बहुतेक सॉफ्टवेअरची कायम लायसन्स विकणं २०१६ मध्ये बंद केलं, तेव्हापासून नव्या गिऱ्हाइकाला वर्गणीशिवाय वाट नाही. वर्गणी संपली म्हणून मशीन थांबत नाही, कारण पोस्ट होऊन (मशीनच्या भाषेत बदलून) कंट्रोलमध्ये गेलेला जी-कोड, म्हणजे जॉबचा प्रोग्राम, चालतोच. अडतं ते ड्रॉइंगमध्ये बदल आला की. म्हणून चालू जॉबचे पोस्ट केलेले प्रोग्राम आणि पार्टची स्टेप फाइल (थ्रीडी मॉडेल) कॅमच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर ठेवायची सवय लावा.

कोटेशन हातात आल्यावर

फोनवर विचारू नका, ईमेल करा. व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा ईमेल बरा, कारण पुढे वाद झाला तर सलग संवाद दाखवायला सोपा जातो. विचारायचं इतकंच : मशीनमध्ये तारीख, तास किंवा सायकल यांवर चालणारं कुठलंही लॉक आहे का, असेल तर कशामुळे पडतं आणि कधी कायमचं निघतं. कंट्रोल, एचएमआय, ड्राइव्ह, स्काडा यांतलं कुठलं लायसन्स कायमचं आणि कुठलं मुदतीचं. ते कुणाच्या नावावर आहे, तुमच्या की सप्लायरच्या. मशीन विकलं तर लायसन्स पुढच्या माणसाला जातं का. आणि सप्लायरचं दुकान उद्या बंद झालं तर कोड कोण देणार.

शेवटच्या प्रश्नावर बरेच सप्लायर हसतात किंवा चिडतात. पण लहान एसपीएमवाल्यांच्या बाबतीत हा प्रश्न अगदी खरा आहे. सगळा सोर्स (मूळ प्रोग्राम) आणि पासवर्ड एका माणसाच्या लॅपटॉपवर असतो, आणि तो माणूस नोकरी सोडून दुबईला गेला की मालकालाही स्वतःच्या मशीनचा पासवर्ड सांगता येत नाही.

मुहूर्ताच्या खरेदीत हेच नेमकं राहून जातं. पाडव्याला किंवा दसऱ्याला मशीन उतरवायचं म्हणून आदल्या आठवड्यात ॲडव्हान्स जातो आणि अटी ‘नंतर बघू’ होतात. पूजा मुहूर्तावर करा, सही त्याच्या आधी पंधरा दिवस वाचून करा.

पीओत काय लिहायचं

पीओ इंग्रजीत निघते, हरकत नाही. तुमच्या वकिलाला किंवा सीएला पुढचा मजकूर द्या आणि त्यावरून कलमं करून घ्या.

‘मशीनच्या कोणत्याही कंट्रोलर, एचएमआय किंवा सॉफ्टवेअरमध्ये, पुरवठादाराने लेखी जाहीर केलेल्या लॉकखेरीज, वेळ, तास, सायकल संख्या, ठिकाण किंवा दूरस्थ आज्ञेवर मशीन बंद पाडणारी कोणतीही तजवीज नाही. जाहीर केलेलं लॉक केवळ पुढची सायकल सुरू होण्यापासून रोखेल. चालू सायकल, सुरक्षा सर्किट, जॉब सोडणं आणि हाताने अक्ष हलवणं यांवर त्याचा परिणाम होणार नाही. लॉक पडण्याआधी पंधरा दिवस स्क्रीनवर आणि ईमेलने सूचना दिली जाईल. अंतिम रक्कम मिळाल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत लॉक कायमचं काढलं जाईल आणि तसं पत्र दिलं जाईल.’

यातलं दुसरं वाक्य कुठल्याही घासाघिशीत सोडू नका. व्हीएमसीवर टूल जॉबमध्ये रुतलेलं असताना स्पिंडल थांबला तर टूल तुटतं, जॉब स्क्रॅप होतो, एवढ्यावर भागतं. हायड्रॉलिक प्रेस वर असताना किंवा उभ्या अक्षावर वजन लटकत असताना प्रोग्रामने भलतंच आउटपुट पाडलं तर माणसाचा हात जातो. तारीख बघून आउटपुट बंद करणाऱ्या लॅडरच्या त्या एका ओळीची कुणीही सुरक्षा-तपासणी केलेली नसते, कारण ती आहे हेच कुणाला सांगितलेलं नसतं.

दोन आकडेही पीओत हवेत : मशीन ‘स्वीकारलं’ असं कधी धरायचं (किती जॉब, किती सायकल टाइम, किती अचूकता) आणि लॉकमुळे विनाकारण मशीन बंद राहिलं तर दिवसाला किती भरपाई. भरपाईचा आकडा अवाच्या सवा टाकू नका. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी तेवढीच रक्कम देतं, लिहिली म्हणून सगळी मिळत नाही.

स्वीकृतीची व्याख्या नसेल तर काय होतं त्याचा एक नमुना. ओळखीच्या एका शेडमध्ये दोन स्टेशनचं ड्रिलिंग एसपीएम आलं. कोटेशनमध्ये सायकल टाइम ‘अंदाजे’ असा लिहिलेला. मालकाला तो जास्त वाटला, त्याने शेवटचे दहा टक्के रोखले. सप्लायर म्हणाला, तुमचं कास्टिंगच कडक येतंय, त्याला मी काय करू. बोलणी चालू असतानाच लॉक पडलं. दोघांकडेही आपापल्या परीने मुद्दा होता, पण ‘अंदाजे’ या शब्दावर भांडण टेकवणार कुठे? शेवटी मालकाने लाइन चालू राहावी म्हणून पैसे दिले आणि सायकल टाइम आजही तोच आहे.

पीडीआयला गेल्यावर : तारीख पुढे ढकलून बघा

डिस्पॅचच्या आधी सप्लायरच्या शेडमध्ये तपासणीला (पीडीआय, म्हणजे प्री-डिस्पॅच इन्स्पेक्शनला) जाता, तेव्हा मापं, बॅकलॅश, नॉइज सगळं बघता. त्यात अर्धा तास आणखी द्या.

सप्लायरच्याच इंजिनिअरला, त्याच्याच हाताने, पीएलसीची तारीख सहा महिने पुढे करायला सांगा. मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा. ऑटोमध्ये एक पूर्ण सायकल घ्या. मग दोन वर्षं पुढे करून हेच. शेवटी तारीख मूळ जागी आणून पुन्हा एक सायकल. नुसत्या तारखेवरचं लॉक यात उघडं पडतं. इंजिनिअरने ‘तारीख बदलता येत नाही’ असं म्हणत मालकाकडे बघितलं, तरी तुम्हाला उत्तर मिळालं. तासांवरची आणि सायकलवरची लॉक यात सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी पीओतलं पहिलं वाक्यच कामाला येतं.

हा प्रयोग फक्त पीएलसीवर. कॅम किंवा स्काडाच्या पीसीची तारीख मागेपुढे करू नका. बरेच लायसन्स मॅनेजर घड्याळ मागे नेलेलं ओळखतात आणि व्यवस्थित पैसे भरलेलं लायसन्ससुद्धा अडवून ठेवतात.

त्याच भेटीत पॅनल उघडून दोन फोटो घ्या. एक, दाराच्या आतल्या बाजूला लावलेला पॅरामीटर शीट. फानुक कंपनीचा कंट्रोल असलेल्या मशीनवर कुठले ऑप्शन उघडलेत ते त्यावरून पुढे कळतं. दुसरा, बॅटरीचा. फानुकमध्ये पॅरामीटर आणि प्रोग्राम ज्या मेमरीत असतात ती बॅटरीवर जगते आणि बॅटरी साधारण दर वर्षी बदलावी लागते, तीही कंट्रोल चालू ठेवून. इतरही कंट्रोलमध्ये घड्याळाची बॅटरी मेली की तारीख कुठल्यातरी जुन्या सालात जाते. मग कधी लॉक पडतं, कधी लायसन्स बिथरतं, आणि त्या गोंधळात सप्लायरने मुद्दाम केलं असा संशय येतो. एका साध्या सेलपायी वर्षांचे संबंध बिघडलेले मी बघितलेत.

पैसे पूर्ण दिले त्या दिवशी

मोठ्या रकमेचा शेवटचा आरटीजीएस मारला की लोक सुटल्यासारखे होतात आणि पुढचं राहून जातं. त्या दिवशी, फार तर त्या आठवड्यात, एवढं हातात हवं : लॉक कायमचं काढल्याचं पत्र, पीएलसी, एचएमआय आणि ड्राइव्ह पॅरामीटरचा बॅकअप, सगळ्या लायसन्सच्या की, तुमच्या कंपनीच्या नावावर, आणि जे पासवर्ड द्यायचे ठरलेत ते बंद पाकिटात.

लॅडरचा सोर्स मिळेलच असं नाही आणि तो मागायचा हक्कही आपोआप नसतो. मशीन विकत घेतलं म्हणजे त्यातल्या प्रोग्रामचा कॉपीराइट विकत घेतला असं होत नाही. तुम्हाला तो वापरायचं लायसन्स मिळतं. सोर्स हवा असेल तर किंमत ठरवून पीओतच मागा. नाही जमलं तर निदान कंट्रोलर जळाल्यास नव्यात भरता येईल असा बॅकअप घ्या, वाचता येत नसला तरी चालेल.

सीमेन्सची लायसन्स की पीसीच्या डिस्कवर बसलेली असेल तर विंडोज फॉरमॅट करण्याआधी ती लायसन्स मॅनेजरमधून दुसरीकडे हलवावी लागते. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला हे माहीत नसतं. डोंगल (पीसीला लावायची लायसन्सची चावी) असेल तर ते पीसीच्या मागे उघड्यावर लटकत ठेवू नका, पॅनलच्या आत घ्या.

लॉक पडलंच तर

पहिलं काम मशीन सुरक्षित करणं : जॉब काढा, अक्ष जागेवर न्या, हायड्रॉलिकचं प्रेशर सोडा. मग स्क्रीनचा फोटो, अलार्म हिस्टरीचा फोटो, कंट्रोलरची तारीख दिसेल असा फोटो. पन्नास वेळा रीसेट मारू नका. काही प्रोग्राममध्ये चुकीच्या कोडची मोजणी चालू असते.

दुसरं, त्याच तासात सप्लायरला ईमेल. मशीन कधी थांबलं, स्क्रीनवर काय आलं, किती माणसं बसून आहेत, पैसे बाकी आहेत की नाहीत, असतील तर का. शिव्या नकोत, फोनवरही नकोत. हाच ईमेल पुढे वकिलाच्या हातातला पहिला कागद असतो.

तिसरं, हिशेब तपासा, कारण इथे घेणाराही फसू शकतो. सप्लायर उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे ठरलेल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. ‘मशीन नीट चालत नाही म्हणून रोखले’ असं म्हणायचं असेल, तर डिलिव्हरीपासून १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतलेली बरी. ती घेतली तर स्वीकृतीचा दिवस हरकत दूर झाल्याच्या दिवसापासून धरला जातो. नाहीतर मशीन तुम्ही स्वीकारलं असंच समजलं जातं. तोंडी कुरकुरीला काही किंमत नाही.

विमा कंपनीकडे आशेने बघू नका. मशिनरी ब्रेकडाउन पॉलिसी ही अचानक झालेल्या प्रत्यक्ष मोडतोडीसाठी असते. लॉक पडलेलं मशीन यांत्रिकदृष्ट्या धडधाकट असतं.

कायदा कुणाच्या बाजूने?

आपल्या कायद्यात ‘टाइम लॉक’ असा शब्द कुठे नाही. तीन-चार कायदे एकत्र वाचावे लागतात, आणि त्यातून निघतं ते असं.

१९३० च्या माल विक्री कायद्यात पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला माल अडवून ठेवायचा हक्क आहे, पण तो माल त्याच्या ताब्यात असेपर्यंतच. मशीन रीतसर तुमच्या शेडमध्ये उतरलं की तो हक्क संपतो. पुढे त्याने दावा लावून पैसे वसूल करायचे. शिवाय कलम १४ प्रमाणे विकलेल्या मालाचा बिनघोर उपभोग तुम्हाला मिळेल, हे विक्रेत्याने गृहीतच दिलेलं असतं. गुपचूप लॉक या दोन्हींच्या आड येतं. पण हे हक्क कराराने बदलता येतात. म्हणूनच कोटेशनच्या पाठीमागे बारीक अक्षरात छापलेल्या अटी वाचायच्या. ‘संपूर्ण रक्कम मिळेपर्यंत मालकी पुरवठादाराची’ असं तिथे असेल आणि तुम्ही पीओत विरोध केला नसेल, तर तुमची बाजू बरीच लंगडी होते.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधल्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकाचं काम बिघडवणं किंवा त्याला वापर नाकारणं यासाठी भरपाई मागता येते. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘संगणक’ या शब्दाची तिथली व्याख्या इतकी रुंद आहे की पीएलसी तिच्यात सहज बसतो. पण एक बारकावा बघा. मशीन विकण्याआधी लॉक भरलं तेव्हा कंट्रोलर सप्लायरचाच होता, त्यामुळे तो म्हणू शकतो की मी माझ्या वस्तूत घातलं. तेच लॉक त्याने विक्रीनंतर रिमोट राउटरमधून तुमच्या शेडमध्ये शिरून टाकलं, तर ही पळवाट त्याला उरत नाही. रिमोट अ‍ॅक्सेसचा राउटर म्हणून चावीच्या स्विचवर घ्या आणि चावी तुमच्याकडे ठेवा. सर्व्हिस मागाल तेवढ्या वेळापुरता चालू.

भरपाई पाच कोटींपर्यंत असेल तर कलम ४३ चा दावा राज्याच्या आयटी सचिवांपुढे, म्हणजे आपल्याकडे मंत्रालयात, चालतो. साध्या दिवाणी मार्गाने जायचं असेल तर तीन लाखांच्या पुढचे व्यापारी वाद कमर्शियल कोर्टात जातात. तिथे आधी मध्यस्थी सक्तीची, पण तातडीचा मनाई हुकूम हवा असेल तर ती पायरी गाळता येते. बंद मशीनच्या बाबतीत हीच वाट महत्त्वाची. करारात लवादाचं कलम असेल तर लवाद नेमण्याआधीही लवाद कायद्याच्या कलम ९ खाली न्यायालयाकडून तातडीचा आदेश मागता येतो. फक्त ‘ज्युरिसडिक्शन’च्या ओळीत राजकोट किंवा कोइम्बतूर लिहिलेलं असेल तर वकीलही तिथला शोधावा लागेल. ग्राहक आयोगाचा रस्ता धंद्यासाठी घेतलेल्या मशीनला सहसा बंद असतो. स्वतः राबून पोट भरणाऱ्या एकट्या कारागिरालाच तिथे जागा आहे.

‘पासवर्ड काढून देतो’ म्हणणारा माणूस

लॉक पडल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याचा नंबर देतोच. पाच-दहा हजारांत काम, तासाभरात मशीन चालू. मोह होतो, मी नाही म्हणत नाही. पण आधी हे वाचा.

कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेल्या कलम ६५अ प्रमाणे, कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने संरक्षणाचा उपाय तोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्याच कायद्याचं कलम ५२ कायदेशीर ताबा असलेल्याला ज्या कामासाठी प्रोग्राम दिला त्या कामापुरती प्रत किंवा बदल करायला, बॅकअप घ्यायला, दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवण्यासाठी लागणारी माहिती काढायला, आणि चालतो कसा याचा अभ्यास करायला मुभा देतं. म्हणजे पूर्ण पैसे दिलेल्या माणसाला, ज्याच्या मशीनमध्ये न सांगितलेलं लॉक निघालं, बोलायला चांगली जागा आहे. पैसे थकवलेल्याला जवळपास नाही. आणि क्रॅक केलेलं कॅम किंवा स्काडा वापरणाऱ्याला तर कलम ६३ब आहे : जाणूनबुजून वापर केला तर सात दिवस ते तीन वर्षं कैद, दंड पन्नास हजार ते दोन लाख. लॉक पेमेंटचं आहे की लायसन्सचं, हे आधी ओळखा असं सुरुवातीला म्हटलं ते यासाठीही.

कायदा बाजूला ठेवला तरी दुसरा धोका आहेच. जुलै २०२२ मध्ये ड्रॅगोस या औद्योगिक सायबरसुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की ऑनलाइन विकलं जाणारं पीएलसी पासवर्ड काढायचं एक टूल पासवर्ड खरोखर काढून देत होतं, आणि सोबत त्या पीसीत सॅलिटी नावाचा मालवेअरही सोडत होतं. त्याच विक्रेत्यांकडे सीमेन्स, मित्सुबिशी, ओमरॉन अशा आपल्या पॅनलमध्ये रोज दिसणाऱ्या नावांसाठीचीही टूल्स होती. तो माणूस आपला लॅपटॉप तुमच्या नेटवर्कला जोडतो, तेव्हा त्याच्यामागे दहा शेडची घाण असते.

त्यापेक्षा लॅडर नव्याने लिहून घ्या. वीस-तीस इनपुट-आउटपुटच्या साध्या एसपीएमला चांगला इंजिनिअर ड्रॉइंग आणि मशीन बघून स्वतःचा प्रोग्राम लिहू शकतो. खर्च होतो, वॉरंटी जाते, सुरक्षा सर्किट नव्याने तपासावं लागतं. पण तो प्रोग्राम तुमचा असतो.

जुनं मशीन घेताना

सेकंड हँड बाजारात मशीनसोबत लायसन्स येतंच असं नाही. विकणाऱ्याकडून लायसन्सच्या मूळ पावत्या आणि उत्पादकाचं ट्रान्सफरचं पत्र मागा.

परदेशातून उतरलेल्या जपानी पाच अक्षांच्या मशीनबद्दल खास सांगायला हवं. अशी मशीन निर्यात-नियंत्रणाच्या यादीत येतात, म्हणून काही उत्पादक त्यांच्यात जागा बदलल्याचं ओळखणारं उपकरण बसवतात. मशीन उचलून दुसरीकडे ठेवलं की कंट्रोल बंद, आणि उत्पादकाचा माणूस येऊन कागदपत्रं बघून खात्री केल्याशिवाय उघडत नाही. स्वतःच्या शेडमध्ये मशीन हलवतानाही आधी कळवावं लागतं. लिलावात स्वस्त मिळालं म्हणून क्रेन बोलावण्याआधी नेमप्लेटचा फोटो उत्पादकाच्या भारतातल्या ऑफिसला पाठवा. ‘हे सीरियल नंबर आम्ही पुन्हा चालू करून देऊ’ असं लेखी आलं तरच बोली लावा.

मशीन बनवणाऱ्यांसाठी थोडंसं

पैसे अडकतात हे मान्य. पण लपवलेल्या लॉकचा बूमरँग किती मोठा होतो ते पोलंडमध्ये बघा. तिथल्या लोअर सिलेशियातल्या रेल्वे कंपनीच्या, नेवाग या कंपनीने बनवलेल्या गाड्या दुसऱ्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला गेल्यावर २०२२ मध्ये चालू होईनात. वर्कशॉपने ड्रॅगन सेक्टर या हॅकर गटाला बोलावलं. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की कंट्रोलच्या कोडमध्ये गाडी ठरावीक दिवस उभी राहिली तर, स्पर्धक वर्कशॉपच्या जीपीएस जागेत असली तर, आणि एका गाडीत ठरावीक तारखेनंतर बंद पडायच्या अटी सापडल्या. नेवागने आरोप फेटाळले आणि उलट दावे लावले. निकाल काहीही लागो, कंपनीचं नाव जगभर झालं, आणि त्यांना हवं होतं तसं नव्हे.

अमेरिकेत सीमेन्ससाठी काम करणाऱ्या एका कंत्राटी प्रोग्रामरने आपल्या स्प्रेडशीटमध्ये ठरावीक काळाने बिघाड होईल अशी तजवीज ठेवली होती, म्हणजे दुरुस्तीला त्यालाच बोलवावं लागेल. २०१९ मध्ये त्याला सहा महिन्यांची कैद झाली.

तुमच्याकडे सरळ हत्यारं आहेत. उद्यम नोंदणी करा, बिलावर नंबर छापा, ४५ दिवस उलटले की एमएसएमईडी कायद्याखाली थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज टाका. तिप्पट बँक रेटचा आकडा गिऱ्हाइकाला बरोबर ऐकू येतो. शेवटच्या दहा टक्क्यांऐवजी तेवढ्याची बँक गॅरंटी घ्या-द्या. तरीही लॉक टाकायचंच असेल तर कोटेशनमध्ये छापा, पुढच्या सायकलपुरतं ठेवा, पंधरा दिवस आधी स्क्रीनवर उलटी मोजणी दाखवा. कोड एका माणसाच्या डोक्यात न ठेवता दोन ठिकाणी लिहून ठेवा. आणि स्क्रीनवर जो नंबर छापाल तो रविवारी रात्री तिसऱ्या शिफ्टलाही उचलला जाईल असा छापा.